भुलीचे थेंब

वेल्डरच्या बायकोला डोळ्यांच्या दवाखान्यात नोकरी लागली तेव्हा वर्कशॉपमध्ये सगळ्यांनी त्याची यथेच्छ चेष्टा केली. याने आधीच सोय करून ठेवली म्हणाले. तोही काही कमी नव्हता. "तुम्ही खुशाल डोळे जाळून घ्या, बायकोला सांगून रांगेत पुढे घेतो," म्हणायचा. माणसांना हसवणं हाच त्याचा मूळ धंदा होता, वेल्डिंग हा जोडधंदा.

दवाखाना औषधाच्या दुकानाच्या वर, एका अरुंद जिन्याने चढून गेलं की. बाहेर बाकं, आत मॅडमची अंधारी तपासणीची खोली आणि दोन्हींच्या मध्ये थेंबांची खोली. त्या खोलीची मालकीण ही. तिला सगळे सिस्टर म्हणत. भिंतीला टेकवलेल्या बाकावर पाच-सहा माणसं हातात कापूस धरून, माना मागे टाकून बसलेली असायची आणि सिस्टर एका टोकापासून सुरू करायची. "वर बघा. मिटा. चोळू नका." दिवसभर हेच. घरी भाजी वाढतानाही एकदा तिच्या तोंडून "चोळू नका" निघालं होतं, आणि नवऱ्याने ते सगळ्या नातेवाइकांत पसरवलं.

मॅडम हुशार होत्या, पण बोलायच्या त्यांच्या भाषेत. आतून 'ब्लेफरायटिस' ऐकून आलेला माणूस बाहेर येताना मृत्युपत्र करायच्या तयारीत असायचा. मग सिस्टर सांगायची, अहो, पापण्यांच्या कडांना कोंडा धरलाय, कोमट पाण्याने पुसा. 'सबकंजंक्टायव्हल हॅमरेज' म्हणजे खोकताना पांढऱ्या भागावरची बारीकशी शीर फुटली, दिसायला रक्तबंबाळ, पण आपोआप जाईल. रांजणवाडी असेल तर शेक द्या, फोडू नका. 'कंजंक्टिव्हायटिस' म्हणजे डोळे आलेत, टॉवेल वेगळा ठेवा. हे सांगताना तिला मनातून मजा वाटायची. 'अल्सर' हा शब्द आला की मात्र ती हसत नसे. अल्सर म्हणजे बुबुळावरची जखम. ती भरली तरी जागेवर पांढरा डाग राहतो आणि त्याला लोक फूल म्हणतात. इतक्या वाईट गोष्टीला इतकं चांगलं नाव ज्याने ठेवलं त्याला कधी फूल पडलं नसणार.

तिच्या ट्रेमध्ये बाहुली मोठी करायचे थेंब असत, जंतुनाशक थेंब असत आणि एका कोपऱ्यात एक छोटी पांढरी बाटली असे. भुलीच्या थेंबांची. डोळ्यात गेलेला कचरा काढायचा असेल, दाब मोजायचा असेल, तर आधी हा एक थेंब. अर्ध्या मिनिटात डोळा बधिर. आर्क लागलेले वेल्डर सकाळी यायचे ते पावलं मोजत, कोणाचा तरी खांदा धरून यायचे. वेल्डिंगचा उजेड उघड्या डोळ्याने बघितला की बुबुळाची साल उन्हात पाठ भाजावी तशी भाजते. तेव्हा काही कळत नाही. काही तासांनी डोळ्यात वाळू ओतल्यासारखं होतं आणि धडधाकट माणूस लहान मुलासारखा रडतो. अशा माणसाला ती भुलीचा थेंब घाली आणि तो डोळे उघडून चकित होऊन बघायचा. पापणीला बोटाने टिचक्या मारून बघायचा, कारण पापणी दुसऱ्याची वाटते. मग हमखास म्हणायचा, "सिस्टर, हेच लिहून द्या."

हे कधीच लिहून द्यायचं नाही, हा मॅडमचा पहिला नियम होता. या थेंबाने दुखणं जातं, पण जखम भरायचीही थांबते. रोज घातला तर बुबुळ आतून कुजत जातं आणि माणसाला पत्ता लागत नाही. "दुखणं म्हणजे डोळ्याचा राखणदार," मॅडम म्हणायच्या. "त्यालाच झोपवलं तर चोराला मोकळं रान." सिस्टर बाटली उघडली की तिच्यावर निळ्या पेनाने तारीख घालायची, आणि ही बाटली आपल्याशिवाय कोणाच्या हाताला लागत नाही याचा तिला अभिमान होता.

तिचा नवरा टाके मारण्यात पटाईत होता. दरवाजा किंवा ग्रिल बनवताना आधी सगळे तुकडे जागेवर धरून प्रत्येक सांध्याला छोटा टाका मारतात, मग पक्कं वेल्डिंग. एका हाताने लोखंड धरायचं, दुसऱ्या हातात रॉड, मग काळी काच धरायला तिसरा हात कुठून आणायचा. म्हणून टोक जागेवर टेकवायचं, डोळे मिटायचे आणि ठिणगी पाडायची. डोक्यावर चढवायचं हेल्मेट भिंतीला टांगलेलं असायचं, पण ते घालणाऱ्याला तिथे नवरी म्हणत. मिटलेल्या डोळ्यांनी सरळ टाका मारतो तो खरा कारागीर. आणि डोळे मिटायला क्षणभर उशीर झाला की झालाच. दिवसात शंभर टाके, त्यात किती उशीर होत असतील ते ज्याचं त्याला ठाऊक.

तो तिला संध्याकाळी न्यायला यायचा. पूर्वी यायचा नाही, गेल्या काही महिन्यांत यायला लागला होता. दारात उभा राहून म्हणायचा, "सिस्टर, आमचाही नंबर लावा." बाकावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, नवरा बायकोला सिस्टर म्हणतो म्हणून. मग तो आत येऊन थेंबांच्या खोलीत स्टुलावर बसायचा. ती शेवटच्या पेशंटची पापणी धरायला मॅडमकडे आत जायची, परत येईपर्यंत हा बाकावरच्या माणसांच्या नकला तयार ठेवायचा. मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून, पापणीला टिचक्या मारत "सिस्टर, ही पापणी माझीच का हो?" असं इतकं हुबेहूब करायचा की तिला पोटात दुखेपर्यंत हसू यायचं.

खालच्या दुकानातली मुलगी एकदा म्हणाली, "ताई, तुमचं नशीब. आमच्याकडे कोणी विचारत नाही, पोचलीस का म्हणून." त्या दिवशी घरी जाताना सिस्टरने गाडीवर त्याच्या खांद्यावर हात जरा घट्ट ठेवला. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. आपल्यासाठी कोणीतरी जिना चढून येतं, एवढ्यावर ती दिवसभर उभी राहायची.

भुलीच्या बाटल्या लवकर संपायला लागल्या ते आधी मॅडमच्या लक्षात आलं. "सिस्टर, आपण एवढे थेंब घालतो का?" त्यांनी विचारलं. तिला तो स्वतःच्या कामावरचा डाग वाटला. तिने डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला सुरुवात केली. खोलीत येणारं होतं कोण? मॅडम, ती आणि मावशी.

मावशी म्हणजे दवाखान्याची झाडलोट करणाऱ्या, साठीला आलेल्या, एकट्या. बाहुली मोठी केलेले म्हातारे-कोतारे जिना उतरताना चाचपडायचे, त्यांना मावशी हात धरून खाली सोडायच्या. ते काम त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. एका दुपारी सिस्टर खोलीत आली तर मावशींच्या मुठीत पांढरी बाटली होती.

"मावशी, हे काय?"

"रिकामी आहे गं. टोपलीतून घेतली. शिलाई मशीनला तेल घालायला बरी पडते, थेंब थेंब येतं." त्यांनी बाटली तिच्यासमोर दाबून दाखवली. हवा आली.

ती बाटली रिकामी होती हे खरं. पण रिकामी कोणी केली, असं सिस्टरच्या मनात आलं, आणि एकदा आलं ते जाईना. मावशींचे डोळे सारखे पाणावलेले असतात. मावशी सगळ्यांत शेवटी किल्ली लावून जातात. तिने मॅडमना सांगितलं, "मी मावशींच्या हातात बाटली बघितली." एवढंच सांगितलं. रिकामी होती हे पुढच्या वाक्यात सांगायचं राहून गेलं, आणि मॅडमनी पहिल्याच वाक्याला मावशींना बोलावलं.

मावशी भांडल्या नाहीत. "मी नाही घेतली. मला काही माहीत नाही," एवढंच दोनदा म्हणाल्या. मग त्यांनी एकवार सिस्टरकडे बघितलं, बराच वेळ, कशाची तरी वाट बघत असल्यासारखं. सिस्टरने ट्रे पुसायला घेतला. मावशींनी किल्ली टेबलावर ठेवली आणि कठडा धरून जिना उतरून गेल्या. त्यानंतर बाटल्या बरोबर पुरायला लागल्या. मॅडम म्हणाल्या, "बघा." सिस्टरही मनात म्हणाली, बघा.

त्याच सुमाराला नवऱ्याचा उजवा डोळा लाल दिसायला लागला. "झोप झाली नाही," तो म्हणाला. दोन दिवसांनी सकाळी तो आरशासमोर शीळ घालत दाढी करत होता आणि खिडकीचा उजेड त्याच्या डोळ्यावर तिरपा पडला होता. काळ्या बुबुळावर धुरकट पांढरं कडं होतं. तिच्या हातातला पेला तसाच राहिला. अशा डोळ्याची माणसं तिने बघितली होती. ती शीळ घालत नाहीत, ती भिंतीवर डोकं आपटतात.

"दुखत नाही तुम्हाला?"

"जरा जड वाटतं. बाकी काही नाही."

तिने त्याला हाताला धरून मॅडमकडे नेलं. मॅडमनी बराच वेळ यंत्रातून बघितलं, रंगाचा थेंब घालून निळ्या उजेडात बघितलं. अल्सर. बुरशीचा असेल, काडीकचरा गेला होता का, विचारलं. कापसाची बारीक वात बुबुळाला लावली तर तो पापणीसुद्धा हलवेना, तेव्हा म्हणाल्या, नागिणीचा विषाणूही असू शकतो, त्यात संवेदना जाते. मग खुर्ची मागे सरकवून सिस्टरकडे वळल्या. "हा घरी दुसरे कुठले थेंब घालत नाही ना?"

"माझ्या घरात? नाही मॅडम," ती म्हणाली. तिला तो प्रश्नच अपमानाचा वाटला. स्टुलावर बसलेला नवरा भिंतीवरची अक्षरं वाचत होता.

दर तासाला घालायचे जंतुनाशक थेंब सुरू झाले. ते असे झोंबतात की आडदांड माणूस हात झटकतो. सिस्टरने रजा घेतली आणि घरी ते थेंब स्वतःच्या हाताने घातले. तो शांत पडून राहायचा. "तुझा हात हलका," म्हणायचा. ती सुखावायची, हेही लिहून टाकायला हवं. डोळा मात्र दिवसेंदिवस बिघडत चालला होता. पांढरं कडं जाड होत मधोमध सरकत होतं. मॅडम म्हणाल्या, असंच चाललं तर बुबुळ फुटेल. बुबुळ बदलायची वेळ येईल, आणि मूळ कारण सापडलं नाही तर नवीनही असंच जाईल.

त्या दुपारी तिने थेंब घातला आणि तो उठून बसला. त्याने बोटाने पापणीला टिचक्या मारल्या. एक, दोन. सवयीने तिला हसू आलं. मग तिने त्याच्याकडे बघितलं. तो नक्कल करत नव्हता. त्याचं तिच्याकडे लक्षही नव्हतं. ही पापणी दुसऱ्याची झालेली होती. गेले कित्येक महिने जेवताना, गाडी पुसताना, बोलता बोलता तो असं करायचा आणि ती दरवेळी हसायची.

ती उठली. त्याची कामाची पिशवी दाराच्या खुंटीला होती. आत चामड्याचे जाड हातमोजे होते. एकाच्या अंगठ्यात एक बाटली, दुसऱ्याच्या अंगठ्यात दुसरी. दोन्हींवर निळ्या पेनाने तारीख होती, तिच्या अक्षरात.

तो लपवायलाही गेला नाही. मावशी गेल्यावर नवीन उचलल्या नाहीत, या आधीच्याच, एवढं मात्र सांगितलं. "काय करणार," म्हणाला. "डोळे जळत असले की टाका वाकडा जातो. टाका वाकडा गेला की दुसरा येतो माझ्या जागी."

"हेल्मेट घालायचं."

"आणि नवरी म्हणवून घ्यायचं?"

"मला सांगायचं."

"सांगितलं असतं तर दिलं असतंस?"

"नाही."

"मग," तो म्हणाला. जणू हिशेब पुरा झाला.

तिला खरं तर डोळ्याचं विचारायचं होतं. आता कधी घातलात, किती वेळा घालता. तोंडातून निघालं ते वेगळंच. "तुम्ही रोज मला न्यायला यायचात."

त्याने चांगल्या डोळ्याने तिच्याकडे बघितलं. थट्टा करायला काही सुचतं का ते तो शोधत होता, आणि त्याला सुचलं नाही. "न्यायलाही यायचोच की," तो म्हणाला.

तिला वाटलं त्याने दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. हात निदान वळ ठेवतो.

मॅडमना सांगू नकोस, म्हणून तो मग हातापाया पडला. तुझी नोकरी जाईल, माझं काम तर गेल्यातच जमा आहे, दोघं मिळून काय करायचं. मी आजपासून सोडतो. त्याने सोडलंही, त्या संध्याकाळपर्यंत. मग भूल उतरली आणि तो जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन लोळायला लागला, बाटली दे म्हणून तिच्या आईवरून शिव्या द्यायला लागला, जो माणूस बारा वर्षांत तिला कधी उणा शब्द बोलला नव्हता तो. तिने दोन्ही बाटल्या मोरीत पिळून टाकल्या आणि रिकाम्या घेऊन दवाखान्याचा जिना चढली.

मॅडमनी बाटल्या हातात घेऊन तारखा वाचल्या. मोठ्या इस्पितळात फोन केला, भरती करायला सांगितलं, आधीची सगळी औषधं बंद करायला सांगितली. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो मॅडम."

"तुम्ही 'माहीत नाही' म्हणाला असतात तरी पुरलं असतं." मग बाटल्यांकडेच बघत, "आणि मावशी?"

नोकरी गेली नाही. भुलीच्या बाटल्या मात्र मॅडमच्या कुलपात गेल्या, आणि थेंब घालायची वेळ आली की मॅडम स्वतः बाहेर येऊन घालतात. बाकावरच्या माणसांना काही समजत नाही. सिस्टरला समजतं. नवरा इस्पितळात होता तोवर रात्रंदिवस ओरडला आणि राखणदार जागा झाल्यावर जखम हळूहळू भरली. बुबुळ फुटलं नाही. मधोमध फूल राहिलं. त्या डोळ्याला समोर धरलेली बोटं मोजता येतात, तेही उजेड असला तर. एका डोळ्याने रॉडचं टोक लोखंडाला कुठे टेकतं ते कळत नाही, त्यामुळे टाके गेले. आता तो तयार दरवाज्यांना लाल रंग लावतो आणि नकला करत नाही.

मावशींकडे जायला तिने बरेच दिवस लावले. डोळा बरा होऊ दे, मग जाऊ. रविवारी जाऊ. शेवटी मॅडमनीच निरोप दिला की त्यांना परत बोलवा, तेव्हा ती निघाली. नवरा सोबत आला, पण वर यायला तयार होईना. खाली रस्त्यावरच थांबला.

मावशींची एकच खोली, खिडकीशी शिलाई मशीन. त्या उशांचे अभ्रे शिवत होत्या. त्यांनी ये म्हटलं, बस म्हटलं आणि पाय चालूच ठेवला.

"मॅडमनी परत बोलावलंय," सिस्टर म्हणाली. "माझी चूक झाली, मावशी. बाटल्या यांनी घेतल्या होत्या."

"ते मला माहीत आहे की."

मशीन थांबलं नाही. सिस्टरला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"मी बघायची ना त्याला. तू आत पापणी धरायला गेलीस की हा ट्रेवरची उचलून खिशात टाकायचा. माझ्यासमोर. मावशी चहा झाला का, विचारत विचारत." मावशींनी अभ्रा फिरवून दुसरी बाजू घेतली. "मला वाटलं तूच सांगितलं असशील त्याला. नवराबायकोचं काम आहे, आपण कशाला मध्ये तोंड घाला. म्हणून गप्प बसले."

"मग मॅडमसमोर का नाही बोललात?"

"तू बोलशील म्हणून थांबले होते. एवढं माझ्यावर येतंय म्हटल्यावर बोलेल, म्हटलं. तू ट्रे पुसत बसलीस." दोरा तुटला. त्यांनी तो दाताने नीट केला. "तेव्हा कळलं, नवऱ्याला वाचवायला मला पुढे केलंय. राग नाही आला. कोणीही केलं असतं."

"नाही हो मावशी. मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटायचं ते मला न्यायला येतात."

मावशींनी पहिल्यांदा पाय थांबवला आणि तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, कीवही नव्हती. बाजारात कोणी शपथेवर भाजी ताजी आहे सांगावं आणि आपण ऐकून घ्यावं, तसं बघणं.

"मीही हेच म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "मला काही माहीत नाही म्हणून. दोनदा."

सांगण्यासारखं सिस्टरकडे पुष्कळ होतं: गाडीवरून जाताना खांद्यावर ठेवलेला हात, टिचक्या, हसणं. यातलं काहीच दाखवता येण्यासारखं नव्हतं. मावशींनी निदान बाटली दाबून दाखवली होती.

"परत येता का मग?"

"नको. गुडघे दुखतात, जिना झेपत नाही." त्यांनी खिडकीतली छोटी पांढरी बाटली घेतली आणि मशीनच्या सांध्यात तेलाचा एक थेंब सोडला, मग दुसऱ्या. "त्याच्या डोळ्याला कसं आहे?"

"फूल राहिलंय."

"जप त्याला," मावशी म्हणाल्या आणि पुढचा अभ्रा घेतला. त्यांनी ते चांगल्या मनाने म्हटलं होतं. सिस्टर उठली, कठडा धरून जिना उतरली.

तो भिंतीला टेकून उभा होता, काळा चष्मा लावून. तिची पावलं ऐकून सरळ झाला. बऱ्याच दिवसांनी त्याने जुनाच सूर लावून बघितला. "चला सिस्टर. न्यायला आलोय."

ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि भर रस्त्यात तिने त्याच्या शर्टाच्या खिशात हात घातला. तो हलला नाही, नको म्हणाला नाही. खिसा रिकामा होता. मग तिने पँटचे दोन्ही खिसे बघितले.